साठ वर्षे टिकणारी वाइन : शातो ला तूरच्या बागेचा अभ्यास

द्राक्ष हे किती नाशवंत फळ आहे, हे द्राक्षबागायतदारांना सांगण्याची आवश्यकता नाही. काढणीनंतर पूर्वशीतकरणास थोडा उशीर झाला तरी देठ सुकू लागतात आणि मालाचा भाव पडतो. अशा या फळाच्या रसापासून तयार झालेली एक वाइन साठ वर्षांहून अधिक काळ टिकली आहे. नुसती टिकली नाही, तर पहिली वीस-तीस वर्षे ती सुधारतच गेली. फ्रान्समधील बोर्दो विभागातल्या शातो ला तूर या बागेची १९६१ सालची तांबडी वाइन ही ती होय. आज लिलावात तिच्या एका बाटलीची किंमत लाखांच्या घरात जाते.

मद्यपानाचा पुरस्कार करणे हा या लेखाचा हेतू नाही. ज्यांना वाइन वर्ज्य आहे त्यांनीही हा लेख वाचण्यास हरकत नाही, कारण त्यातील बहुतेक मजकूर जमीन, निचरा, छाटणी, घडांची संख्या आणि भाऊबंदकीतील वाटण्या यांविषयीच आहे. ही वाइन टिकली याचे श्रेय बहुतेक लोक तळघराला व लाकडी पिंपांना देतात. प्रत्यक्षात बराचसा निकाल बागेत, मण्यात पाणी उतरण्यापूर्वीच लागलेला असतो. तो कसा लागतो हे येथे पाहावयाचे आहे.

बाग कोठे आहे?

'तूर' या फ्रेंच शब्दाचा अर्थ बुरूज. आपल्या लातूरशी या नावाचा काही संबंध नाही. चौदाव्या शतकात इंग्रज व फ्रेंच यांच्यात चाललेल्या दीर्घ युद्धाच्या काळात येथे नदीवर पहारा ठेवणारा बुरूज होता. तो केव्हाच नाहीसा झाला. आज बाटलीच्या चिठ्ठीशी जोडला जाणारा घुमटाचा गोल बुरूज सतराव्या शतकातील असून तो पारव्यांसाठी बांधलेला आहे. त्या काळी पारव्यांची विष्ठा हे मोलाचे खत समजले जाई.

बोर्दो शहराच्या उत्तरेस जिरोंद नावाची रुंद खाडी आहे. गारोन व दोर्दोन्य या दोन नद्या एकत्र येऊन ती तयार होते. खाडीच्या डाव्या काठावरील पट्ट्यास मेदोक म्हणतात. या पट्ट्यातील पोयाक या गावाच्या दक्षिण टोकाला, सँ-ज्युलियाँ गावाच्या शिवेला लागून ही बाग आहे. बागेचे एकूण क्षेत्र आज नव्वद हेक्टरच्या आसपास असले, तरी ज्या जमिनीतून मुख्य वाइन निघते तो तुकडा फक्त ४७ हेक्टरांचा आहे. त्यास 'लाँक्लो', म्हणजे कुंपणातील बाग, असे म्हणतात. समुद्रसपाटीपासून त्याची उंची १२ ते १६ मीटर एवढीच आहे. डोंगर नाही, उतारही नजरेत भरण्याजोगा नाही. प्रथम पाहणाऱ्यास या जमिनीत विशेष ते काय, असाच प्रश्न पडेल.

खाडीचे पाणी बागेपासून काही शे मीटरवर आहे. एवढा मोठा जलसाठा शेजारी असल्याने कडाक्याच्या थंडीची धार बोथट होते. २१ एप्रिल १९९१ च्या रात्री बोर्दो विभागात दहिवर गोठून कोवळी फूट जळाली व त्या वर्षी अनेक बागांचे उत्पन्न बुडाले. खाडीलगतच्या या बागेचे नुकसान त्या मानाने पुष्कळच कमी झाले. ज्या बागेतून नदी दिसते ती बाग चांगली, असे मेदोकातील जुने लोक म्हणत आले आहेत. त्यामागे हे साधे कारण आहे.

गोट्यांची जमीन आणि पाण्याचा हिशेब

हिमयुगातील नद्यांनी पिरेनीज व मध्य फ्रान्सच्या डोंगरांतून वाहून आणलेले गोटे व वाळू या पट्ट्यात ठिकठिकाणी साठले आणि त्यांचे कमी उंचीचे माळ तयार झाले. लाँक्लोमध्ये सुमारे पाऊण ते एक मीटर जाडीचा असा गोट्यांचा थर असून त्याखाली चिकणमाती आहे. वरच्या थरात सेंद्रिय पदार्थ कमी, अन्नद्रव्ये कमी, ओल धरण्याची शक्तीही कमी. गहू किंवा मका घ्यायचा म्हटल्यास ही जमीन कोणी फुकट घेणार नाही. सतराव्या शतकात डच अभियंत्यांनी मेदोकातील दलदली चर खोदून कोरड्या केल्या, तेव्हा कोठे हे माळ बागांच्या उपयोगी पडू लागले.

फ्रेंच लोक वाइनच्या चवीचे श्रेय मातीला देताना बरेच काव्यमय होतात. गोट्यांची चव वाइनमध्ये उतरते असेही काही जण सांगतात. बोर्दो विद्यापीठातील प्राध्यापक जेरार सेगँ यांनी मात्र १९६० च्या दशकापासून मेदोकच्या जमिनींमध्ये खड्डे घेऊन, मुळे व ओलावा मोजून निराळाच निष्कर्ष काढला. उत्तम वाइन देणाऱ्या जमिनींमध्ये अमुक एक खनिज हटकून सापडते असे काही आढळले नाही. आढळले ते एवढेच, की या जमिनी पाणी झटकन सोडतात, मुळ्यांना खोल जाण्यास भाग पाडतात आणि वेलीस पाणी एकदम भरपूर न देता थोडे थोडे व बेताने मिळेल अशी व्यवस्था करतात.

बोर्दोत वर्षाला सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो आपल्यासारखा चार महिन्यांत न पडता वर्षभर विखुरलेला असतो. फळ पक्व होत असतानाही तो केव्हाही येऊ शकतो. अशा वेळी भारी जमिनीतील वेल भराभर पाणी ओढते. मणी फुगतात, रस पातळ होतो, साली फाटून कूज लागते. गोट्यांच्या जमिनीत तेच पाणी खाली निघून जाते. उलट ऑगस्ट कोरडा गेला तर खालच्या चिकणमातीतील ओल वेलीला तगवून धरते. एकाच जमिनीत वर निचरा व खाली साठा अशी ही जोडी आहे. पक्क्या बागेला तेथे पाणी दिले जात नाही. ठिबक नाही, पाटही नाही.

या कामास पुढे त्याच विद्यापीठातील कॉर्नेलिस व्हान लेऊवेन यांनी जोड दिली. मण्यात पाणी उतरण्याच्या आधीच वेलीस पाण्याचा सौम्य ताण बसला, तर शेंडेवाढ थांबते आणि मणी लहान राहतो. वेलीने तयार केलेले अन्न नव्या पानांकडे न जाता घडांकडे वळते. ताण फार उशिरा बसला किंवा अति झाला, तर पाने पिवळी पडतात आणि पक्वता अर्धवट राहते. म्हणजे प्रश्न ताण द्यावा की नाही असा नसून, तो कोणत्या अवस्थेत व किती द्यावा असा आहे.

मणी लहान हवा, हे वाचून निर्यातक्षम थॉमसनच्या बागायतदारास आश्चर्य वाटेल. आपण जिबरेलिक आम्लाच्या बुडवण्या करून मणी १८ मिलिमीटरपर्यंत नेण्याची धडपड करतो. खाण्याच्या द्राक्षात ते योग्यच आहे, कारण ग्राहक गर खातो. तांबड्या वाइनमध्ये मात्र रंग, तुरटपणा आणि वासाचा मोठा भाग सालीतून येतो. मणी जितका लहान तितकी गराच्या मानाने साल अधिक. ला तूरच्या बागेत प्रामुख्याने असलेली काबर्ने सोव्हिन्यो ही जात लहान मणी, जाड साल व भरपूर बी यांसाठीच राखली गेली आहे. लाँक्लोच्या उंच, गोट्यांच्या भागात ती आहे. सखल व चिकणमाती वर आलेल्या जागी मर्लो ही लवकर पिकणारी जात लावतात. जमिनीचा तुकडा पाहून जात ठरते, एका जातीचा आग्रह सगळीकडे धरला जात नाही.

वेलीची संख्या अधिक, वेलीवरील भार कमी

मेदोकात दोन ओळींत एक मीटर व दोन वेलींत एक मीटर अंतर ठेवण्याची जुनी पद्धत आहे. म्हणजे हेक्टरी १०,००० वेली, एकरी सुमारे ४,०००. आपल्याकडे ९ × ५ फूट अंतरावर एकरी ९६८ वेली बसतात. एवढी दाटी झाल्यावर प्रत्येक वेलीच्या वाट्याला जमीन थोडी येते, मुळांची आपसांत स्पर्धा होते आणि वेल आवाक्यात राहते. हिवाळ्यातील छाटणीत दोन बाजूंस एकेक काडी, तीही मोजक्या डोळ्यांची, ठेवून ती जमिनीपासून जेमतेम गुडघाभर उंचीच्या तारेवर बांधतात. दिवसा तापलेल्या गोट्यांची ऊब घडांना रात्री मिळते.

अशा उत्तम बागेतून चांगल्या वर्षी हेक्टरी ४,००० लिटरच्या आसपास वाइन निघते. १०० लिटर वाइनला सुमारे १३० किलो द्राक्षे लागतात असे धरले, तर हा हिशेब हेक्टरी ५ टन, म्हणजे एकरी सुमारे २ टन, होतो. एका वेलीवर अर्धा किलो माल. दोन वेलींची मिळून वर्षाला एक बाटली. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षांचे एकरी १० टन उत्पादन धरले, तर एका वेलीवर १० किलो होतात. एकरी फरक पाचपट, पण वेलीमागे वीसपट आहे. दर एकरी उत्पादनाचे आकडे समोरासमोर ठेवून तुलना करणाऱ्यांच्या नजरेतून हे नेमके सुटते.

खुंटाची निवडही याच विचाराने होते. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्झेरा या मुळांवरील किडीने फ्रान्समधील बागा उद्ध्वस्त केल्या. त्यावर उपाय म्हणून अमेरिकन खुंटावर कलमे बांधण्याची पद्धत आली. मेदोकात रिपारिया ग्लुआर, १०१-१४ यांसारखे वेलीची वाढ आटोक्यात ठेवणारे खुंट पसंत केले जातात. आपण डॉगरिज वापरला तो क्षार व पाणीटंचाईसाठी, आणि तो वेलीस जोमदार वाढ देतो. दोघांची कारणे आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत. म्हणूनच एकाचा खुंट उचलून दुसऱ्याच्या बागेत लावता येत नाही.

मेलेल्या वेलींच्या बाबतीत या बागेची पद्धत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. संपूर्ण तुकडा उपटून नव्याने लावण्याऐवजी लाँक्लोमध्ये मेलेली वेल तेवढी काढून त्या जागी नवी लावतात. त्यामुळे एकाच ओळीत जुनी व तरुण झाडे शेजारी शेजारी असतात. तरुण वेलीची मुळे उथळ असल्याने तिला पावसाचे पाणी लगेच मिळते आणि तिची द्राक्षे पातळ रसाची निघतात. म्हणून ओळीतील तरुण वेलींचा माल वेगळा काढला जातो आणि मुख्य वाइनमध्ये घातला जात नाही. मजुरीचा खर्च वाढतो हे उघड आहे. परंतु जुन्या वेलींची खोल गेलेली मुळे हीच या बागेची खरी ठेव आहे, हे ओळखून हा खर्च केला जातो.

थोडे विषयांतर : बोर्डो मिश्रण

ज्या मिश्रणाशिवाय आपल्या बागायतदाराचा पावसाळा जात नाही, ते याच परिसरात सापडले. केवडा रोग १८७८ मध्ये अमेरिकेतून फ्रान्समध्ये आला आणि बागांची पाने झडू लागली. १८८२ च्या हंगामात बोर्दो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे सँ-ज्युलियाँ गावातून जात असता, सर्वत्र पाने गळालेली असूनही रस्त्याकडेच्या वेलींची पाने मात्र हिरवी असल्याचे त्यांना दिसले. चौकशी केल्यावर समजले, की वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून त्या वेलींवर मोरचूद व चुना यांचे निळसर मिश्रण शिंपडले होते. मिलार्देंनी रसायनशास्त्रज्ञ गेयाँ यांच्या मदतीने प्रयोग करून १८८५ मध्ये ही रीत प्रसिद्ध केली. ला तूरच्या शिवेपासून ही जागा अवघ्या काही किलोमीटरवर आहे.

आज ला तूरची बाग सेंद्रिय प्रमाणित आहे. २०१८ चा हंगाम हा तिचा पहिला प्रमाणित हंगाम होय. काही भागांत जमीन दबू नये म्हणून ट्रॅक्टरऐवजी घोड्याने मशागत करतात. सेंद्रिय शेतीतही तेथे तांब्याचा वापर चालतो, पण युरोपीय संघाच्या २०१९ पासूनच्या नियमानुसार सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोपेक्षा जास्त तांबे जमिनीत जाता कामा नये. बोर्डो मिश्रण सेंद्रिय आहे म्हणून ते कितीही मारावे, असे समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. तांबे जमिनीतून सहजी निघून जात नाही.

१९६१ चा हंगाम

आता मूळ वाइनकडे वळू. १९६१ मध्ये वेली फुलोऱ्यात येण्याच्या सुमारास हवा थंड राहिली. परागीभवन नीट झाले नाही, फुलगळ मोठी झाली आणि बऱ्याच घडांत मणी विरळ बसले. उत्पन्न खूपच घटणार हे जूनमध्येच दिसून आले. पुढे ऑगस्ट महिना कोरडा व कडक उन्हाचा गेला आणि वेलींना ताण बसला. सप्टेंबरमध्येही हवा स्वच्छ राहिली. थोडे घड, त्यात थोडे व लहान मणी, जाड साली आणि निर्वेध पक्वता असा हा योग होता. त्या वर्षीच्या शेतकऱ्याला हा योग वाटला नसणार. अर्ध्या भरलेल्या पाट्या पाहून त्याला काय वाटले असेल, याची कल्पना आपल्यापैकी अनेकांना येईल. निसर्गाने केलेली ही विरळणी होती. आज तेथील चांगल्या बागांत पाणी उतरण्याच्या सुमारास जादा घड हाताने काढून टाकतात, ते याच अनुभवामुळे.

दुसरी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. ला तूरमध्ये तापमान नियंत्रित करता येणाऱ्या पोलादी टाक्या आल्या त्या १९६४ मध्ये. म्हणजे १९६१ ची ही वाइन जुन्या लाकडी टाक्यांतच आंबवलेली आहे. यंत्रसामग्री आली की दर्जा येतो, असा एक समज आपल्याकडे दृढ आहे. पोलादी टाक्यांचा उपयोग मोठा आहे व तो मध्यम हंगामांत विशेष जाणवतो, कारण उष्णता वाढून आंबवण बिघडण्याचा धोका त्यांनी टळतो. परंतु ज्या वर्षीचा माल उत्तम होता, त्या वर्षी जुन्या टाक्यांनीही तो बिघडवला नाही.

वाइन जुनी होते तेव्हा काय घडते?

द्राक्षे चिरडून सालींसह टाकीत भरतात. यीस्ट रसातील साखरेचे अल्कोहोल करते. दर लिटरला सुमारे १७ ग्रॅम साखरेमागे एक टक्का अल्कोहोल तयार होते. रस सालींवर एकूण सुमारे तीन आठवडे राहतो आणि तेवढ्यात सालीतील रंग व टॅनिन त्यात उतरतात. टॅनिन म्हणजे तुरटपणा देणारे द्रव्य. हिरडा किंवा कच्चे जांभूळ चावले असता जीभ आखडते, ती टॅनिनमुळेच. त्यानंतर मॅलिक आम्लाचे जिवाणूंमार्फत सौम्य अशा लॅक्टिक आम्लात रूपांतर होते. मग वाइन २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपांत सुमारे दीड ते पावणेदोन वर्षे ठेवतात. साधारण दर तीन महिन्यांनी वरची निवळ वाइन दुसऱ्या पिंपात काढून खालचा गाळ टाकून देतात. शेवटी अंड्यातील पांढरा बलक, एका पिंपाला पाच-सहा अंड्यांचा, घालून ती निवळतात. हा बलक जादा टॅनिनला चिकटून तळाशी बसतो.

बाटलीत भरल्यावर खरी संथ क्रिया सुरू होते. अँथोसायनिन हा तांबडा रंग आणि टॅनिन यांचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या बनतात. रंग जांभळटपणा सोडून विटकरी होत जातो. काही साखळ्या इतक्या मोठ्या होतात की त्या विरघळलेल्या राहू शकत नाहीत आणि तळाशी गाळ म्हणून बसतात. तोंडाला बसणारी मिठी सैल होते. ताज्या फळाचा वास मागे पडून सुकामेवा, चामडे, तंबाखूचे पान, ओली माती अशा वासांची भर पडते. बुचातून जाणारी अत्यल्प हवा या क्रियेस पुरेशी असते. जास्त हवा गेली तर मात्र सिरक्याकडे वाटचाल सुरू होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सुरुवातीला ज्या वाइनमध्ये टॅनिन, रंग व आम्लता यांचा पुरेसा साठा नाही, ती कितीही वर्षे तळघरात ठेवली तरी जुनी होत नाही, ती नुसती मरते. जगात तयार होणाऱ्या बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत पिऊन टाकण्याच्याच असतात आणि त्यात कमीपणा काही नाही. साठा हवा, पण तो पक्व टॅनिनचा हवा. मणी कच्चा असताना टॅनिन कडू व खरखरीत असते, आणि काबर्ने जातीत त्यासोबत ढोबळ्या मिरचीसारखा हिरवा वास येतो. घडांवर सावली अधिक राहिली तर हा वास वाढतो. घडांजवळची पाने वेळीच काढणे हा त्यावरील उपाय आहे. बी तपकिरी होऊन दाताखाली सहज फुटू लागले की टॅनिन पक्व झाले असे समजतात. नुसती ब्रिक्स मोजून हे कळत नाही. १९६१ ची ला तूर सुरुवातीस इतकी तुरट व घट्ट होती, की ती खऱ्या अर्थाने पिण्याजोगी होण्यास दोन-तीन दशके जावी लागली.

वाटणी न झालेली जमीन

१६९५ मध्ये विवाहसंबंधातून ही बाग सेग्युर घराण्याकडे आली. त्या घराण्यातील निकोला-अलेक्झांद्र याच्याकडे लाफीत, मुताँ यांसारख्या शेजारच्या नामांकित बागाही होत्या. १७५५ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर लाफीत व ला तूर यांचे वारस वेगळे झाले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत ला तूरचा काही हिस्सा जप्त होऊन विकला गेला. पुढे १८०४ च्या नागरी संहितेने सर्व मुलांना वारसाहक्काचा समान वाटा दिला. हक्क न्याय्य होता, पण त्यामुळे फ्रान्समधील अनेक बागांचे तुकडे पडले. बरगंडी विभागात तर एका ओळीचा एक मालक व पुढच्या ओळीचा दुसरा, अशी स्थिती आजही आढळते.

ला तूरच्या वारसांनी १८४२ मध्ये एकत्र येऊन बागेची कंपनी केली. यापुढे वाटणी झाली ती कागदावरील भागांची, लाँक्लोची झाली नाही. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी बाजारातील अनेक वर्षांच्या भावावरून बागांची प्रतवारी लावली, तेव्हा तांबड्या वाइनच्या पहिल्या वर्गात ज्या चार बागा आल्या त्यांत ला तूर होती. ती प्रतवारी आजही चालू आहे. १९७३ मध्ये मुताँला वरच्या वर्गात घेतले, तेवढा एकच मोठा बदल तीत झाला.

कंपनी करून सर्व प्रश्न सुटले असे मात्र नाही. भागधारक पिढीगणिक वाढत गेले, प्रत्येकास वर्षाचा नफा हवा असे आणि बागेत पुन्हा पैसा घालण्यास कोणी फारसे उत्सुक नसे. १९६३ मध्ये घराण्याने बहुतांश हिस्सा इंग्लंडमधील पिअरसन समूहास व ब्रिस्टलच्या हार्वेज कंपनीस विकला. फ्रान्समध्ये त्यावर बरीच हळहळ झाली. तथापि पोलादी टाक्या व नव्या लागवडी त्यानंतरच झाल्या. १९८९ मध्ये बाग अलाइड-लायन्सकडे आणि १९९३ मध्ये फ्रान्स्वा पिनो या फ्रेंच उद्योगपतीकडे गेली. मालक बदलले, परंतु ४७ हेक्टरांचा तुकडा अखंड राहिला आणि कोणत्या ओळीतील माल कसा निघतो याची माहितीही त्याबरोबर टिकून राहिली. पाच भावांत पाच एकर वाटून प्रत्येकाने वेगळी विहीर खणणाऱ्या आपल्या गावांनी याचा विचार करावयास हवा. जमीन एकत्र ठेवून हिस्से वेगळे ठेवण्याची सोय आपल्या कायद्यातही आहे. अडचण कायद्यापेक्षा मनाची अधिक आहे.

प्रतवारी स्वतःच्या घरात

१९६६ च्या हंगामापासून ला तूरने 'ले फोर द ला तूर' ही दुसरी वाइन काढली. लाँक्लोबाहेरील तुकडे व तरुण वेली यांचा माल तीत जातो. जो माल त्याही दर्जाचा नसेल, त्याची तिसरी वाइन पोयाक या नावाने निघते. अलीकडच्या अनेक हंगामांत एकूण उत्पादनाच्या निम्म्याहून कमी भाग मुख्य वाइनसाठी निवडला गेला आहे. आपण निर्यातीसाठी माल निवडताना हेच करतो. फरक एवढाच, की नाकारलेल्या मालाला येथे स्वतःचे नाव व स्वतःची किंमत आहे.

विक्रीची बोर्दोतील जुनी रीत आपल्या उभ्या पिकाच्या सौद्यासारखी आहे. हंगामानंतरच्या वसंतात, वाइन अजून पिंपातच असताना, दलालांमार्फत व्यापाऱ्यांशी सौदा होतो. पैसे तेव्हाच मिळतात व बाटल्या दीड-दोन वर्षांनी दिल्या जातात. बागायतदाराची निकड भागते, पण पुढील भाववाढीचा लाभ व्यापाऱ्याला होतो. एप्रिल २०१२ मध्ये ला तूरने ही पद्धत सोडत असल्याचे जाहीर केले. तेव्हापासून आपल्या मते पिण्याजोगी झाल्यावरच ते वाइन बाजारात आणतात. वर्षानुवर्षांचा माल तळघरात अडकवून ठेवण्याची ताकद असलेल्या धन्यालाच हे जमते, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे काय लागू पडते?

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केल्यावर नाशिक, पुणे, सांगली भागांत वाइन जातींची लागवड वाढली. २००८ नंतरच्या मंदीत मागणी घसरली, मालाला गिऱ्हाईक राहिले नाही आणि कित्येकांनी त्या बागा उपटून टाकल्या. वाइनची द्राक्षे खाण्याच्या बाजारात विकता येत नाहीत, हा त्यातील सर्वात मोठा धोका. म्हणून लेखी करार, त्यात दराबरोबर ब्रिक्स, आम्लता व एकरी कमाल उत्पादन यांचा स्पष्ट उल्लेख आणि उचल न झाल्यास भरपाईची अट, एवढे हाती असल्याखेरीज लागवड करू नये.

बोर्दोची नक्कल करून येथे ला तूर पिकणार नाही. ती बाग ४५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे जूनचा दिवस पंधरा तासांहून मोठा असतो, छाटणी वर्षातून एकदाच होते आणि द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, उतरत्या तापमानात पिकतात. थंड रात्रींमुळे आम्लता टिकते. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या होतात. काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे चढत्या तापमानात येते. साखर झपाट्याने वाढते, आम्लता तितक्याच झपाट्याने घटते आणि टॅनिन मात्र मागे राहते. म्हणून वाइन जातींची गोडी छाटणी लवकर घेऊन थंडीतच मणी पक्व होतील असे नियोजन करणे येथे अधिक महत्त्वाचे ठरते. केवड्याचा धोका त्यामुळे वाढतो, त्याची तयारी आधीच ठेवावी.

पाण्याचा बेत मात्र आपल्या हाती आहे, कारण आपली बाग ठिबकवर आहे. बोर्दोत जे काम गोटे व चिकणमाती करतात, ते येथे व्हॉल्व्हने करता येते. मणी धरल्यापासून पाणी उतरेपर्यंत ठिबकचे पाणी कमी करून शेंडेवाढ थांबते का हे पाहावे. शेंडा वाढतच राहिला तर जमिनीत अजून पाणी आहे असे समजावे. पाने दुपारी मलूल होऊन सकाळीही टवटवीत दिसत नसतील तर ताण जास्त झाला. काळ्या भारी जमिनीत हा ताण आणणे अवघड असल्याने वाइनची तांबडी जात तेथे लावू नये. मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीतच ती घ्यावी. लागवडीपूर्वी एकरी निदान दोन ठिकाणी चार फूट खोल खड्डे घेऊन थर पाहावेत व मातीपरीक्षण करून घ्यावे. खुंट व जातीविषयी मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.

ज्यांच्या बागा दहा वर्षांहून जुन्या आहेत, त्यांनी या हंगामात एक गोष्ट करून पाहावी. मर झालेल्या जागी लावलेल्या नव्या वेलींना तारेवर रंगीत फीत बांधावी, त्यांचा माल वेगळ्या क्रेटमध्ये काढावा आणि दोन्ही मालांची ब्रिक्स व आम्लता स्वतंत्र मोजून वहीत तारखेसह नोंदवावी. आकडे किती वेगळे येतात हे पाहिल्यावर पुढील छाटणीत त्या वेलींवर किती घड ठेवायचे ते ठरवता येईल.